पहाऱ्याला बदली आली नाही

२ मार्च

ताई,

तू फोनवर घरातल्या सगळ्यांना बंद करून ठेवलंयस, त्यात मीही आलो. म्हणून हा कागद. बर्गेनचा पत्ता आईकडून मिळाला. तिच्याकडं तो कुठून आला हे मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस.

मी जानेवारीत घरी आलो. रॉटरडॅमचं गोदाम सुटलं, मग काही आठवडे एका सर्कशीत तंबू ठोकत होतो. तिथल्या उंटाची एक गोष्ट आहे, ती कधीतरी सांगेन. चार दिवस आईच्या हातचं खायचं आणि पोर्तुगालला निघायचं असं ठरवून आलो होतो. अजून इथंच आहे, कारण गावचा आगीचा बंब जायची वेळ आली आहे आणि तो जातो की राहतो हे बघितल्याशिवाय पाय निघत नाही.

तू गेलीस त्या नाताळात भांडण जेवणाच्या टेबलावर होतं. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी मांडलेल्या ताटाकडं बघून बाबा म्हणाले, "त्यांच्या पक्षाचा असेल तर येऊ नये म्हणावं," आणि तू कोट चढवलास. आता तेच भांडण बंबघरात शिरलंय. अग्निशमन दलातले निम्मे लोक आपल्या बाबांचे, म्हणजे त्या पक्षाचे, आणि निम्मे विचेकचे, म्हणजे या पक्षाचे. हो, तोच विचेक, वरच्या गल्लीतला सुतार, तीस वर्षं बाबांचा उपप्रमुख. दोघांनी मिळून आपलं घर शाकारलं होतं. आता रस्त्यात भेटले तर दोघंही आभाळाकडं बघतात, जणू पाऊस अंदाजताहेत.

सुरुवात बंबघरातल्या टीव्हीवरून झाली. यांची बातम्यांची वाहिनी वेगळी, त्यांची वेगळी. आधी रिमोट हरवला, मग टीव्हीच हरवला. भिंतीवर आता एक स्वच्छ चौकोन आहे आणि त्याच्या दोन बाजूंना माणसं पाठ करून बसतात.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण फेब्रुवारीत सिकोराचं कोठार पेटलं. भोंगा झाला, बाबा आणि दोघं बंबात चढले. विचेकच्या माणसांनी आत कोण बसलंय ते बघितलं आणि ती स्वतःच्या गाडीनं मागून निघाली. तिघांना पाईप उचलून पंप चालवणं जमेना. दुसरी गाडी पोचेपर्यंत छप्पर खाली आलं होतं. दोन वासरं गेली. सिकोरा यांचाही नाही आणि त्यांचाही नाही, त्याला फक्त वासरं होती.

मग जिल्ह्याहून माणूस आला. म्हणाला, दलाची वार्षिक सभा दोनदा बारगळली आहे, कोरम नाही. पहिल्या वेळी विचेकचे लोक उठून गेले. दुसऱ्या वेळी बाबांची माणसं अंगणातच उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. एप्रिलअखेर तिसरी सभा झाली नाही तर दल बंद आणि बंब लिपोव्का गावाला. तिथून आपल्याकडं येताना रेल्वेचं फाटक लागतं, आणि ते कधी उघडेल हे फाटकवाल्यालाही माहीत नसतं.

सभेत प्रमुखाची निवडणूकही व्हायची आहे, बाबांची मुदत संपलीय. त्यांच्या बाजूचे पाचसहा जण जर्मनीला कामाला गेले. आई बटाटे सोलताना म्हणाली, "सभा झाली तर तुझे बाबा जातात. नाही झाली तर बंब जातो." आणि पुढचा बटाटा घेतला.

ईव्हो

१३ मार्च

ताई,

वॉर्साहून एक बाई आली आहे. यागोदा नाव, तुझ्याच वयाची असेल, भांडणाऱ्या गावांना बोलतं करायचं काम करते. जिल्ह्यानंच पाठवली. पहिल्या दिवशी तिच्या गाडीचं चाक चिखलात रुतलं, ते मी काढलं, तेव्हापासून खुर्च्या मांडणं आणि चहा करणं माझ्याकडं आहे. चिखलात सापडलेला तिचा एक बूट मी शेगडीपाशी वाळत ठेवला आणि विसरलो. टाच वितळली. आता ती बूट दुसरे घालते.

पहिल्या बैठकीला बरेच लोक आले, खसखशीचा केक होता म्हणून. तिनं सगळ्यांना कागद आणि रंग दिले. म्हणाली, आपल्याला ज्याची भीती वाटते ते काढा. सगळे केक संपेपर्यंत काढत राहिले. विचेकनं एक बीट काढलं, पानांसकट.

"हे काय आहे?" यागोदानं विचारलं.

"बीट."

"तुम्हाला बिटाची भीती वाटते?"

"नाही. मला बीट काढता येतं."

बाबांनी कागद कोराच ठेवला. "मला भीती वाटत नाही, बाई. मला राग येतो. त्याला कोणता रंग असतो?" तिनं त्यांना लाल खडू दिला. त्यांनी तो शांतपणे खिशात घातला आणि कागद परत केला.

दुसऱ्या बैठकीला केक नव्हता. मी, ती आणि बहिरा ऑर्गनवाला, एवढेच होतो. ऑर्गनवाला चुकून आला होता.

नंतर कप विसळताना तिनं मला विचारलं, "ही माणसं कुठंतरी न भांडता शेजारी उभी राहतात का?"

"कबरीवर," मी म्हणालो.

तिला वाटलं, स्मशानात. मी सांगितलं, तसं नाही, ईस्टरच्या आधी चर्चमध्ये प्रभू येशूची कबर मांडतात, आत त्याचा पुतळा, आणि बंबवाले पितळी शिरस्त्राण घालून, कुऱ्हाड खांद्याला लावून, दोन बाजूंना दोघं असा पहारा देतात. बोलायचं नाही, हलायचं नाही, बदलीची जोडी आली की जायचं. शहरात वाढलेली ती, तिनं हे फक्त चित्रात पाहिलं होतं.

"जोड्या कोण लावतं?"

"प्रमुख. म्हणजे बाबा."

"मग यंदा चिठ्ठ्या टाका," ती म्हणाली. "ठरवणारा कुणी नसला की रागवायलाही कुणी उरत नाही."

मला ते पटलं. तसं मला पुष्कळ काही पटतं, म्हणून तर मी कुठं टिकत नाही. पोर्तुगालची बस दर सोमवारी आहे.

ईव्हो

२१ मार्च

ताई,

चिठ्ठ्यांना दोन्ही बाजू हो म्हणाल्या. गंमत अशी की हो म्हणण्याचं दोघांचं कारण एकच होतं. बाबा घरी आईला म्हणाले, "विचेक नाही म्हणणार बघ. मग गावाला कळेल मोडता कोण घालतंय." आणि विचेकच्या घरी मी पावाच्या आंबवणाचं भांडं परत करायला गेलो, तर त्याची बायको सांगत होती, आमचे हे म्हणालेत, झेनेक, म्हणजे तुझा बाप, मेला तरी हो म्हणायचा नाही, आपण आधी हो म्हणून टाकू. असे दोघंही एकमेकांच्या नकारावर डाव लावून होकार देऊन बसले. आता मागं फिरणार कोण.

(आई आणि विचेकची बायको आंबवण एकमेकींना देतात हे बाबांना माहीत नाही. किंवा आहे.)

रविवारच्या प्रार्थनेनंतर फादर हेन्रिकनी शिरस्त्राणातून चिठ्ठ्या काढल्या. ईस्टरच्या आदल्या शनिवारच्या दुपारच्या पाळीची पहिली चिठ्ठी निघाली: झेनॉन, म्हणजे बाबा. दुसरी त्यांनी उघडली, चष्मा पुसला, परत बघितली. विचेक. त्यांची बदली म्हणून निघाले बाबांच्या बाजूचा मार्त्सेली आणि विचेकच्या बाजूचा एरिक. मार्त्सेली म्हणजे गिरणीवाला, एरिक म्हणजे पोस्टातला, दाढीवाला.

चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या, घड्याही मीच घातल्या होत्या. याबद्दल एवढंच.

घरी आल्यावर बाबा शिरस्त्राण काढून पितळ घासत बसले. मी विचारलं, "जाणार का?"

"कबर आहे ती, सभा नाही," ते म्हणाले.

ईव्हो

३१ मार्च, ईस्टर

ताई,

हे नीट सांगतो, कारण तुला आणखी कुणी सांगितलं तर ते वेगळं सांगेल. गावात आत्ताच पाच तऱ्हा आहेत.

शनिवारी दुपारी बायका टोपल्या घेऊन येत होत्या, अंडी, सॉसेज, मीठ, पाव, फादरकडून पाणी शिंपडून घ्यायला. मी कबरीच्या मागं होतो. दिव्याची वायर तापून कबरीला लावलेल्या शेवाळातून धूर निघाला होता, आणि बंबवाल्यांच्या देखत कबर पेटली तर काय होईल याचा विचार न करता मी पक्कड घेऊन पालथा पडलो होतो. मागून मला दोघांचे बूट दिसत होते, आणि आवाज चांगला येत होता.

पाळी संपली. बदली आली नाही. टोपल्यावाल्या आल्या, गेल्या, नवीन आल्या. दोघं उभेच. मग ओठ न हलवता बाबा म्हणाले, "तुझा एरिक कुठाय?"

"बाहेर. तुझ्या मार्त्सेलीची वाट बघतोय."

"मार्त्सेली पण बाहेरच आहे. त्याच्या सिगरेटचा वास येतोय."

खरं तसंच होतं. दोघं ओसरीवर, शिरस्त्राण घालून, कुऱ्हाडी धरून तयार उभे. पण कुणीतरी एरिकच्या डोक्यात भरवलं होतं की जो आधी आत शिरतो तो दुय्यम, मोठा असतो तो मागून येतो. असलं आपल्याकडं कधी नव्हतं. एरिकनं मार्त्सेलीला "हो पुढं" म्हटलं, त्या आवाजावरून मार्त्सेलीला सगळं कळलं, आणि तो म्हणाला, "छे, तू हो." तेव्हापासून दोघं तिथंच.

आत बाबा म्हणाले, "गुडघा?"

"कुणाचा?"

"तुझा. वाजला आत्ता."

"कुऱ्हाड वाजली."

"पडशील."

"पडलो तर कबरीत पडेन. जागा आहे."

मला हसू आलं ते मी शेवाळात दाबलं. पुढं विचेकच्या श्वासाचा आवाज यायला लागला. त्याचा उजवा बूट थोडा थोडा सरकत होता.

"जा ना तू," बाबा म्हणाले. "तुझं दुखतंय."

"म्हणजे तू सांगणार, विचेक पळाला."

"नाही सांगणार."

"तू नाही सांगणार. मार्त्सेली सांगेल."

"सांगेल," बाबांनी कबूल केलं.

मग विचेक म्हणाला, "दोघं एकदम निघू."

"कबर मोकळी टाकून?"

"झेनेक, आत पुतळा आहे. आणि उद्या तो उठणारच आहे."

बाबांनी विचार केला. बुटांवरून कळत होतं. "तीनवर," ते म्हणाले. "एक. दोन. तीन."

कुणी हललं नाही.

"तू हलला नाहीस," विचेक म्हणाला.

"तू हलतोस का ते बघत होतो."

"मी पण तेच."

"परत मोजू?"

"मोजून उपयोग नाही. थोडं थोडं करू. तू कुऱ्हाड खाली घे."

"आधी तू."

"अर्धी."

"बरं, अर्धी."

दोन कुऱ्हाडी अर्ध्या खाली आल्या. मग पूर्ण. मग विचेक म्हणाला, मी उजवा पाय टाकतो, तू डावा टाक. टाकला. मग दुसरा. असे ते कबरीपासून निघाले, तिरके, एकमेकांच्या पायांवर नजर ठेवून, खेकड्यासारखे, मधल्या वाटेनं सगळ्या टोपल्यांच्या मधून. बायका बाजूला झाल्या. कुणीतरी म्हणालं, "यंदा कवायत नवी आहे वाटतं." फादर पाण्याचा कुंचला हातात धरून उभे राहिले.

कबरीवर कुणी नव्हतं. युद्धातसुद्धा असं झालं नव्हतं म्हणतात, मी काही युद्धात नव्हतो. दारातून हे मार्त्सेली आणि एरिकला दिसलं तेव्हा मात्र दोघं एकदम धावले, दारात एकमेकांत अडकले, मार्त्सेलीचं शिरस्त्राण कानावर आलं, आणि तसेच जाऊन दोन बाजूंना धापा टाकत उभे राहिले. कोण आधी शिरलं ते कुणालाही सांगता येणार नाही. मी तपास केला.

मागच्या खोलीत बाबा आणि विचेक फादरच्या बाकावर बसले होते. विचेक गुडघा चोळत होता. मी पक्कड ठेवायला आत गेलो, आणि मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही.

"शरम आणली त्या दोघांनी," विचेक म्हणाला.

"माझ्या मार्त्सेलीनं," बाबा म्हणाले. "तुझ्या एरिकनं पण."

"आता सभेचं काय?"

"काय सभेचं?"

"झाली तर तू जाशील, झेनेक."

"मोजता येतं मला."

"मागच्या वेळी माणसं अंगणात कुणी उभी केली तेही मला माहीत आहे."

बाबा शिरस्त्राणाचा पट्टा बोटानं नीट करत राहिले. मग म्हणाले, "सिकोराची वासरं मी ओढून काढत होतो. एकाचा कान हातात आला." आणि थोड्या वेळानं, "सभेला दार मोठं उघडू. बंबाचं. सगळे एकदम आत येतील, पुढं-मागं कुणी नको."

घरी आल्यावर त्यांनी अंडी खाल्ली आणि झोपले. या सोमवारचीही बस गेलीच समज.

ईव्हो

१५ एप्रिल

ताई,

सभा झाली.

बंब अंगणात काढला आणि त्याच्या जागी खुर्च्या मांडल्या. बंबघराचं मोठं दार वर सरकवलं आणि सगळे एका ओळीत आत आले, रुंदच्या रुंद. वरातीसारखं दिसलं, फक्त नवरी नव्हती. यागोदा मागच्या खुर्चीवर बसली होती. फक्त एकदा उठून खिडकी लावली.

बाबांनी वर्षाचा अहवाल वाचला. आगी, पूर, विहिरीतून काढलेलं मांजर. विचेकच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "झेनेक, टीव्हीचं वाच की."

बाबांनी कागदावरून नजर उचलली. "टीव्ही माझ्या कोठारात आहे. एकट्यानं उचलेना म्हणून एरिकनं हात लावला."

सगळे एरिककडं वळले. एरिकनं दाढी खाजवली. "जड होता," तो म्हणाला. यावर दोन्ही बाजू हसल्या. त्या दोघांनी काय ठरवून तो उचलला हे अजून कळलेलं नाही.

मग सिकोरा उठला. तो दलात नाही, त्याला बोलायचा हक्क नव्हता, पण कुणी अडवलं नाही. म्हणाला, "मला कोण प्रमुख हवा ते विचारू नका. कुणीतरी हवा." आणि टोपी घालून गेला.

मतदान आईच्या सूपाच्या पातेल्यात झालं, पडद्यामागं. मीही सभासद आहे, लहानपणी नाव घातलेलं. मी कुणाला मत दिलं ते इथं लिहीत नाही. बाबांनी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. फादरनी मोजलं. विचेक चार मतांनी आला.

टाळ्या एका बाजूनं वाजल्या. दुसऱ्या बाजूला खुर्च्या सरकल्या. मार्त्सेली उठला, त्याच्यामागं आणखी दोघंतिघं, टोप्या हातात. त्याच वेळी बाबा खाली, पहिल्या रांगेत येऊन बसत होते.

"कुठं निघालास?" ते म्हणाले.

"घरी. झालं की."

"बस. अजून दोन विषय आहेत."

"आता कशाला बसायचं, झेनेक? त्यांचंच राज्य आहे."

"तू गेलास तर कोरम जाईल," बाबा म्हणाले. "कोरम गेला की निवड गेली, आणि बंब गेला. बस खाली."

मार्त्सेली उभाच. बाबांनी त्याच्याकडं परत बघितलं नाही, समोर बघत राहिले. विचेक फक्त कागद हातात घेऊन थांबला, आणि मला वाटतं तेच बरं झालं. मार्त्सेलीनं टोपी घातली. मग काढली. मग बसला. बाकीचेही बसले.

पुढचा विषय छपराचा, तो पटकन झाला. मग पाईप. विचेकचं म्हणणं, नवे हलके पाईप घ्यावेत. बाबा उठून म्हणाले, हलका पाईप दगडावर घासला की फाटतो, जुनेच जाड घ्या. अर्धा तास वाद झाला, चांगला तोंडावर तोंड, एकदा विचेक टेबलावर हात आपटून बोलला. हात वर करून मत घेतलं. बाबा परत हरले. विचेकनं नोंद केली, बाबांनी नोंद वाचून बघितली, त्यातलं एक वाक्य बदलून घेतलं, आणि सही केली. बंबघराची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. विचेकनं ती उचलली, भाषण वगैरे झालं नाही.

यागोदाला मी तिच्या गाडीपर्यंत सोडलं. ती म्हणाली, आता दुसऱ्या एका गावाला जायचंय, तिथं शाळेवरून चाललंय. "तिथं कबर मांडतात का?" मी विचारलं. "बघते," ती म्हणाली.

ईव्हो

२० एप्रिल

ताई,

परवा नदीकाठचं गवत पेटलं, दरवर्षी कुणीतरी मूर्ख जाळतोच. भोंग्यानंतर बंब भरून गेला. बाबा मागच्या बाकावर होते. बाबांना पाईप धरायला सांगितला विचेकनं, त्यांनी धरला. जुनाच होता, नवे अजून आलेले नाहीत. हे मी काठावरून बघितलं, कारण मी वेळेवर पोचलो नाही, वाटेत एका माणसाशी मधाच्या भावावर बोलत राहिलो.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर बाबा माझ्या दारात आले. "तिला लिहितोस का तू?"

मी म्हणालो, लिहितो.

"काय लिहितोस?"

"झालं ते."

"हरलो ते लिहिलंस?"

"लिहिलंय."

"चार मतांनी, असं लिही. ती म्हणेल चाळीस."

"तेही लिहिलंय."

ते उभेच राहिले. मी पिशवी भरत होतो. त्यांनी माझा एक मोजा उचलला, भोक बघितलं, परत ठेवला. मग म्हणाले, "तू दलात असताना पाईप ओढायचीस ना, मुलींच्या पथकात. तुला दोन्ही माहीत आहेत, हलका आणि जाड." माझ्याकडं बघून हे बोलत होते, पण मी कधी मुलींच्या पथकात नव्हतो, ताई. स्वतःच्या लक्षात आल्यावर त्यांनी भिंतीकडं बघितलं. "तिला विचार, तिचं मत काय आहे."

मी म्हणालो, विचारतो.

विचारलं. मी मंगळवारच्या आगगाडीनं निघतोय, वाटेत कुठं उतरेन माहीत नाही, त्यामुळं मला पत्र पोचणार नाही. उत्तर त्यांच्या नावानं पाठव. तू जाड म्हणालीस तर ते सभेत वाचून दाखवतील. हलका म्हणालीस तर वाद घालतील, त्याला पुन्हा पत्र लागेल.

ईव्हो